शिक्का मारलेला कागद

६ जानेवारी, सोमवार

अखेर तास मिळाला. भांडून मिळाला, म्हणून जास्त गोड.

सव्वीस वर्षं मी या हायस्कुलात ग्रंथपाल आहे आणि सव्वीस वर्षं एकच वाक्य ऐकतो आहे : ग्रंथपालाला तास नसतो. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, कपाटांना वाळवीचं औषध मारायचं आणि पंधरा ऑगस्टला भाषण ठोकायचं. मागच्या आठवड्यात नववी ब च्या मुलांना मी एकच प्रश्न लिहून दिला होता : मोबाईलवर आलेली बातमी खरी की खोटी हे तुम्ही कसं ठरवता? चाळीसपैकी एकोणतीस जणांनी लिहिलं, "खूप जणांनी पाठवली असेल तर खरी." ते सगळे कागद आज स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक इंगवले सरांपुढे ठेवले.

"हिरेमठ सर, तुम्हाला तास कशाला पाहिजे? माईक दिला की तुमचं भागतंय," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो आणि मग बोलायला उभा राहिलो. म्हटलं, पूर्वी मुलगा पुस्तक शोधत ग्रंथालयात यायचा, आता खोटं मुलाला शोधत त्याच्या घरी येतं. आणि ज्या माणसानं जन्मभर छापील शब्दाची पारख केली, त्याला तुम्ही वाळवी मारायला बसवता? किती वेळ बोललो ठाऊक नाही. शेवटी इंगवले सरांनी हात जोडले.

"घ्या बाबा, शुक्रवारचा सहावा तास घ्या. पण आवाज बेतानं. शेजारी गणित चाललेलं असतंय."

नाव ठेवलं : तपासणीचा तास.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला तास. राजवीरनं आणलेला फोटो : उचगावच्या उसात बिबट्या. त्याच्या काकाच्या ग्रुपवर आलेला. अर्धा वर्ग शपथेवर सांगत होता की बिबट्या आहेच. मी फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि गप्प उभा राहिलो. (मला हे अवघड जातं.) पाच मिनिटांनी शांभवी म्हणाली, "सर, कोपऱ्यातल्या त्या मैलाच्या दगडावरची अक्षरं मराठी नाहीत." मग काय, वर्गच उसळला. गणिताच्या सरांनी भिंत वाजवली.

फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? आणखी कुठे तेच दिसतं? मुलांनी वहीत उतरवून घेतले.

सुटल्यावर गेटवर चिमणाबाईकडून बोरं घेतली. अकरा वर्षं ती गेटच्या उजव्या हाताला टोपल्या मांडून बसते. बोरं, चिंचा, आवळे, पुढे कैऱ्या. माहेर गारगोटीकडचं, नवरा गेल्यावर इथे खोली घेऊन राहिली. कुठल्या पोराला खोकला आहे हे वर्गशिक्षकांच्या आधी तिला कळतं. खोकणाऱ्याला ती चिंच देत नाही, रडला तरी देत नाही.

"सर, तुमचं भाषण गेटपातूर ऐकू येत हुतं की," ती म्हणाली.

"मग? कळलं का काही?"

"आवाज कळला. शब्द न्हाई."

हसलो. तिला काय, विनोदाची सवयच आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

उद्यासाठी कागद तयार केला. कुठल्या तरी परक्या राज्यातला जुना खोटा संदेश सापडला होता, पोरं पळवण्याचा. पण परक्या गावाचं नाव वाचून मुलं जांभया देतात. उदाहरण जवळचं पाहिजे, अंगावर आलं पाहिजे. म्हणून गावाचं नाव काढलं आणि मजकूर असा केला : "पालकांनो सावधान! आपल्या शाळेच्या गेटवर बोरं-चिंचा विकणारी बाई मुलांना गुंगीची पावडर लावलेल्या चिंचा देते. आतापर्यंत अकरा मुलं गायब. हा संदेश प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा." खाली ते तीन प्रश्न आणि उत्तरांना जागा. कागद घरी न्यायचा, आठवडाभर तपासायचा, पुढच्या शुक्रवारी उत्तरं.

अनुजा मॅडम मराठी शिकवतात, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "सर, वर 'हे खोटं आहे' असं छापूया का? मोठ्या अक्षरात?"

"मग मुलांनी तपासायचं काय, मॅडम? उत्तर आधी छापून प्रश्न विचारायचा?"

"तसं नाही, पण कागद घरी जाणार..."

"घरी गेलाच पाहिजे! आई-बापांनाही कळू दे तपासणी म्हणजे काय ते."

मी त्यांना परीक्षा आणि घोकंपट्टी यातला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असावं.

मग चाळीस कागदांवर शिक्के मारले. ग्रंथालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का, हा माझा जुना नियम. लंबगोल, जांभळ्या शाईचा, मध्ये शाळेचं नाव. बिनशिक्क्याच्या कागदाची मुलं विमानं करतात, शिक्क्याचा जपून ठेवतात. उजव्या कोपऱ्यात, वर, सरळ. एकही तिरका गेला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

कागद वाटले. मुलं खूश. "सर, ही आपली चिमणामावशी काय?" असं कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. तास संपत आला होता.

२० जानेवारी, सोमवार

लिहायला बसलो आहे, पण कुठून सुरू करू?

सकाळी पावणेअकराला मी आत नव्या पुस्तकांची नोंद करत होतो. गेटवर गलका झाला. मला वाटलं अपघात. बाहेर गेलो तर तीस-चाळीस माणसं, त्यात बायका जास्त. टोपल्या उलट्या झालेल्या, बोरं रस्त्यावर आणि त्यांच्यावर पाय. एका माणसाच्या हातात चिमणाबाईचा डबा होता. "ही बघा पावडर, ही बघा!" तो ओरडत होता. दोन बायकांनी तिचे दंड धरले होते. तिसरी तिला मारत होती. ओठ फुटला होता.

चिमणाबाई मारणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती गेटच्या आत, पोरांकडे बघत होती. "राजवीर, सांग की बाळा. शांभे, तू तरी सांग की गं. अरं, सांगा की रं कुणीतरी." राजवीरनं मान खाली घातली. तो चौदा वर्षांचा आहे. मी चौपन्नचा आहे.

मी पुढे झालो. "थांबा," म्हणालो. एकानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आमास्नी काय थांबवताय सर? तुमच्याच शाळेचा शिक्का हाय की ह्येच्यावर."

माझाच कागद. वरचा अर्धा भाग. मजकूर आणि शिक्का. खालचे तीन प्रश्न फोटोत आलेच नव्हते.

आणि मी बोललो नाही. हे मला इथे तरी खरं लिहिलं पाहिजे. ज्या आवाजासाठी मला गावोगाव बोलावतात तो आवाज कुठे गेला माहीत नाही. दोन मिनिटं असतील, जास्तही असतील. पोलिसांची गाडी आली, तिला बसवून घेऊन गेली, आणि गाडी वळल्यावर मी म्हणालो, "तो अभ्यासाचा कागद आहे." कोण ऐकायला होतं?

२१ जानेवारी, मंगळवार

ठाण्यात जाऊन जबाब दिला. डब्यात तिखट-मीठ निघालं. तिला कालच सोडलं होतं. खोलीवर गेलो तर कुलूप. खोलीवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ आलता, घिऊन गेला गावाकडं. तोंड लई सुजलंतं."

इंगवले सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. "शिक्का चोरीला गेलता म्हणून लिहून द्या. चार वर्षं राहिल्यात तुमची. कुणी मुद्दाम केलं म्हणायचं, मिटलं."

"मी केलं, सर. मीच लिहिलं, मीच शिक्का मारला."

"तुमचं तत्त्वज्ञान माझ्या संस्थेला महागात पडंल, हिरेमठ."

खरं तेच लिहून दिलं. बाहेर पडताना थोडं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

दुपारी वर्गात गेलो. मला फोटो कुणी काढला ते शोधायचं होतं. कुठल्या घरातून गेला, कुणी खालचा भाग कापला, मला जाणून घ्यायचंच होतं. "ज्यानं कुणी केलं त्यानं उभं राहावं," म्हणालो. आवाज चढला होता. शांभवी उभी राहिली. बिबट्याचा दगड ओळखणारी शांभवी.

"सर, मी आईला सांगितलं हा अभ्यास आहे. आई म्हणाली, अभ्यास असू दे, पण सरांनी दिलाय म्हणजे त्यात काहीतरी असणारच. सर खोटं कशाला देतील? आईनं ग्रुपवर टाकला."

"तीन प्रश्न विचारलेस का आईला?"

"विचारले. पहिला प्रश्न विचारला, कुणी सांगितलं?" ती रडू लागली. "आई म्हणाली, हिरेमठ सरांनी."

मी तिला बसायला सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. यंदा पालक तुडुंब. इंगवले सर मला बोलू द्यायला तयार नव्हते, मी माईक घेतलाच. पंचवीस मिनिटं बोललो. ज्या मातीत राजानं शाळेची दारं सगळ्यांसाठी उघडली, त्याच मातीत शाळेच्या दारात एका निष्पाप कष्टकरी स्त्रीला आपण मारलं, असं म्हणालो. गर्दीला डोळे असतात पण पापण्या नसतात, म्हणालो. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. टाळ्या थांबेनात. ज्याच्या हातात तो डबा होता तोच माणूस पुढे येऊन माझ्या पाया पडला. वाटलं, झालं. ओझं उतरलं.

चहाच्या वेळी अनुजा मॅडम बाजूला उभ्या होत्या. म्हटलं, "कसं झालं?"

"भाषण चांगलं झालं, सर."

"पण?"

"तिचं नाव नाही घेतलंत तुम्ही."

मी सांगितलं की नाव घेतलं असतं तर तिची आणखी चर्चा झाली असती. हे खरंच आहे. पण आता लिहिताना आठवतं आहे, मी "आपल्याकडून चूक झाली" असं म्हणालो. "माझ्याकडून" असं वाक्य त्या पंचवीस मिनिटांत कुठे होतं, ते शोधतो आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं गारगोटी, तिथून वडापच्या जीपनं तिच्या भावाची वाडी. वडापवाल्यानं विचारलं, "कुणाकडं पावणं?" चिमणाबाईकडे म्हटल्यावर त्यानं आरशातून बघितलं. तिथपर्यंत पोचलं होतं सगळं.

भाऊ केरबा अंगणात वैरण कापत होता. उठला नाही. "या मास्तर. आज कागद न्हाई आणला व्हय?"

मी उभाच राहिलो. आतून चिमणाबाईचा आवाज आला, "केरबा, खुर्ची दे त्यास्नी. उगं बोलू नगंस." ती बाहेर आली. ओठाची जखम भरली आहे, पण बोलताना ती हात तोंडाजवळ नेते. अकरा वर्षांत तिला मी हात तोंडाजवळ नेताना पाहिलं नव्हतं.

मी हात जोडले. म्हणालो, "तो कागद मी लिहिला. लिहिताना तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे नव्हता. 'गेटवरची बाई' असं लिहिलं आणि ती बाई म्हणजे तुम्ही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"रोज बोरं घेत हुता की, सर," ती एवढंच म्हणाली.

केरबा म्हणाला, "त्या बायका शिव्या देत हुत्या ते तिनं सोसलं. पोरं गप बसली, ते तिला सोसंना. झोपत बडबडतीय पोरांची नावं."

मग मी बोललो. गाव बदललं आहे, सगळ्यांना चूक कळली आहे, भाषणाच्या दिवशी लोक रडले, सगळं सांगितलं. बोरांचा हंगाम संपायला पंधरा-वीस दिवस आहेत, परत या म्हणालो. तिनं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं.

"पोरं येतील न्हवं माझ्याकडं?"

"येतील. हा माझा शब्द."

केरबानं विळा थांबवून माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "उद्या न्हाई, म्होरल्या सोमवारी येती मग."

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार संध्याकाळी नववी ब च्या घरोघर गेलो. अनुजा मॅडम बरोबर. चाळीसही घरं झाली. भाषण केलं नाही. उंबऱ्याशी उभं राहून सांगितलं : कागद मी लिहिला, खोटा होता, चिमणाबाईचा काही दोष नाही. एकाही घरानं वाद घातला नाही. सगळीकडे चहा. "आमास्नी ठाव हाय की सर, खोटं हाय ते." "गरीब बाई हो, वाईट झालं." शांभवीच्या आईनं तर रडून घेतलं.

चाळीसपैकी चाळीस. मला इतका पूर्ण विजय कुठल्याच व्यासपीठावर मिळाला नव्हता. परतताना मॅडम गप्प होत्या. दमल्या असतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

ती आली. गेटच्या उजव्या हाताला, त्याच जागी. नवी टोपली, धुतलेलं लुगडं. बोरं पहाटे केरबानं स्वतः तोडून दिलेली, टपोरी.

मधली सुट्टी झाली. मी ग्रंथालयाच्या पायरीवर उभा होतो. पोरं गेटकडे धावली आणि गेटपाशी त्यांचा वेग कमी झाला. कुणी "मावशी" म्हणून हात केला. ती उठून उभी राहिली. पोरं वडापावच्या गाड्याकडे वळली.

मी राजवीरला हाक मारली. "काय रे, बोरं नाही घेतलीस?"

तो बूट मातीत घासत राहिला.

"तुला काय वाटतं, ती काही घालते त्यात?"

"न्हाई सर! खोटं हाय ते. मी सिद्ध करून दाखवतो."

"मग?"

"आई म्हणाली, खोटं हाय. पण उगं कशाला."

मी खाली जाऊन बोरं घेतली. इंगवले सरही आले, न बोलता दोन मापं घेऊन गेले. हे मला अपेक्षित नव्हतं. अनुजा मॅडमनी घेतली. तेवढ्यावर टोपलीतली रास जराही खाली गेली नाही.

"पयला दिस हाय," मी म्हणालो. तिच्याच बोलीत बोललो, का कुणास ठाऊक.

"व्हय की," ती म्हणाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल एकही मूल आलं नाही. आज पाचवीतली एक चिमुरडी आली, हात पुढे केला आणि मागून आईनं तिला उचललं. आई रागावली नाही. चिमणाबाईकडे बघून ओशाळं हसली आणि गेली. मारताना तरी लोक तिच्याशी काही बोलत होते.

मी पुन्हा घरोघर जायचं म्हणतो आहे. पण सांगू काय? त्यांना सगळं कळलेलं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सहावा तास. मी तोच कागद पुन्हा दिला, या वेळी बिनशिक्क्याचा, आणि म्हणालो, सिद्ध करा.

मुलांनी जे लिहिलं ते कुठल्याही मोठ्या शहरातल्या शाळेला अभिमान वाटावा असं आहे. अकरा मुलं गायब, मग तक्रारी कुठे? नावं का नाहीत? तारीख का नाही? 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा' असं का, पोलिसांपर्यंत का नाही? डब्यातली पावडर तपासली गेली, तिखट-मीठ निघालं. शांभवीनं लिहिलं होतं, "कुणी सांगितलं, याचं उत्तर ओळखीच्या माणसाचं नाव असलं तरी पुढचे दोन प्रश्न विचारायचे." चाळीसपैकी चाळीस जणांनी खाली निष्कर्ष लिहिला : खोटं.

सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. मग म्हणालो, "आज सुटल्यावर मावशीकडून बोरं कोण घेणार?"

पंखा फिरत होता. कुणीही हात वर केला नाही. कुणीतरी करेल म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. शांभवीचा हात बाकावरून थोडा उचलला गेला आणि परत खाली गेला.

खिडकीतून गेट दिसतं. चिमणाबाई टोपलीवर फडकं बांधत होती. शाळा सुटायला तास होता. मी जिना उतरून धावत गेलो.

"अजून सुटायचे आहेत सगळे," म्हणालो. धाप लागली होती.

"म्हणूनच चालले की सर. सुटल्यावर पोरं मान खाली घालून जात्यात माझ्याम्होरनं. बारकी हायती ती. रोज कशाला लाजवायची त्यास्नी?" तिनं टोपली डोक्यावर घेतली, मी हात लावायला गेलो तर तिनं मान हलवली. "गारगोटीत मंगल कार्यालयात भांड्यांचं काम हाय. तिथं कोण वळकत न्हाई मला."

"मी शब्द दिला होता," म्हणालो.

"तुमी खोटं न्हाई बोलला, सर. खरं लई सांगितलासा." तिनं गेटच्या आत, वर्गांकडे, एकदा बघितलं. "त्या मोरेच्या पोराला चिंच दिऊ नगा कुणी. छाती भरतीया त्येची."

कोपऱ्यावर रिक्षाला हात करून ती गेली. मी जिना चढून वर आलो. चाळीस मुलं उठून उभी राहिली, "नमस्कार सर" म्हणाली आणि बसली. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.